वारा न लागलेले कंदील

"मी कचऱ्याला खाली दिसले नाही ना, तर वर येऊन दार वाजव. नुसती बेल दाबून परत जाऊ नकोस," लियाउ आमा, म्हणजे आमच्या इमारतीतल्या आजी, म्हणाल्या.

आमच्या गल्लीत संध्याकाळी कचरागाडी गाणं वाजवत येते आणि सगळी इमारत पिशव्या घेऊन खाली उतरते. आम्ही दोघी तशाच उभ्या होतो. नवं वर्ष नुकतंच लागलेलं, दारांवरचे लाल कागद अजून कोरे करकरीत. अशा दिवसांत मरणाबिरणाचं काही तोंडातून काढायचं नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. मी घाईघाईने म्हटलं, "आमा, सणासुदीचं काही चांगलं बोला."

"बरं बाई, चांगलं बोलते. तुझ्याकडे दुधाच्या पावडरचा रिकामा डबा आहे का?"

डब्याचं बोलणं निघालं आणि आधीचं तिथेच राहिलं.

डबा हवा होता कंदिलासाठी. वर्षातल्या पहिल्या पौर्णिमेला कंदिलांचा सण, आणि यंदा शाळेने सांगितलं होतं की मुलांनी घरातल्या टाकाऊ वस्तूंचेच कंदील करून आणायचे. माझी आन-आन पहिलीत. मी कॉलेजात बालशिक्षण शिकलेली, पण माझ्या हातून झालेला कंदील बघून तिने विचारलं होतं, "आई, हा कोबी आहे का?" मग चौथ्या मजल्यावरच्या लियाउ आमांनीच तिला वर नेलं. तळमजल्यावर कुओ-ताईंचं नाश्त्याचं दुकान आहे, त्यांच्या दोन मुलीही मागोमाग गेल्या.

आमांच्या टेबलावर अंड्यांचे रिकामे ट्रे, चहा प्यायच्या जाड नळ्या, जुनं कॅलेंडर, आणि नवीन वर्षाला मुलांना पैसे घालून देतात ती लाल पाकिटं. रिकामं पाकीट मधोमध दुमडलं की पाकळी होते, पाकळीला पाकळी चिकटवत गेलं की कंदील. मी कात्रीजवळची खुर्ची धरून बसायचे. गोंद डोळ्यांत जाईल, नळीचा तुकडा घशात जाईल, मला सगळं दिसायचं. मेणबत्त्यांना मी आधीच नाही म्हटलं होतं. बॅटरीचे बारके दिवे आणून दिले होते. एकदा कात्री बोथट आहे ना म्हणून मी परत विचारलं, तेव्हा आमा हातातलं काम न थांबवता म्हणाल्या, "कात्रीपेक्षा तुझी नजर जास्त टोचते गं पोरींना."

मुली फिदीफिदी हसल्या. मीही हसले, पण कात्री माझ्याकडेच ठेवली.

हे सगळं कुठे शिकलीस, असं आन-आनने विचारलं तेव्हा आमांनी खोलीकडे हात केला. इथेच. त्या लग्न होऊन आल्या तेव्हा आमच्या या शिनचू शहरात घरोघरची बैठकीची खोली म्हणजे कारखानाच होती. माणूस मोटारसायकलवरून पोती टाकून जायचा. पोत्यात हिरवी तार आणि तांदळाएवढे बल्ब. समुद्रापलीकडे कुठे नाताळ करतात, त्यांच्या झाडांसाठी माळा. आमा तार पिळायच्या, धाकटा मुलगा जुंग-हान समोर बसून दुसरं टोक ताणून धरायचा. गठ्ठा पुरा झाल्यावर त्याने अभ्यासाला बसायचं. पुढे कारखाने चीनला गेले, पोती यायची थांबली.

"मग माळा पेटल्यावर कशा दिसायच्या?" कुओ-ताईंच्या थोरलीने विचारलं.

"काय माहीत. पेटवून बघायचं काम कारखान्याचं. आपण कशाला पेटवायच्या? दुसऱ्यांचा सण तो."

जुंग-हान आता ताइचुंगला असतो. नववर्षाला आला, जेवला, आणि टेबलावर निवडून ठेवलेली पाकिटं बघून "अजून हेच चाललंय?" एवढंच बोलून दुपारच्या गाडीने परत गेला. हे आमांनी मला जिन्यात सांगितलं. तक्रार म्हणून नव्हे. पाऊस आला नि गेला असं सांगतात तसं. आणि लगेच म्हणाल्या, यंदा पौर्णिमेला शाळेत नेण्याआधी सगळे कंदील आपल्या खोलीत टांगायचे, मोठा दिवा घालवायचा आणि मग पेटवायचे. "एकदा बघू तरी."

गोंद वाळेपर्यंत कंदील मागच्या बाल्कनीत, कपड्यांच्या बांबूवर टांगलेले असायचे. गॅसचा गीझर त्याच बाल्कनीत. थंडीत आमच्याकडे बहुतेक जण बाल्कनीच्या काचा लावून घेतात. आमा मात्र नाही. गीझरला मोकळी हवा हवी, असं गॅसवाल्याने बजावल्यापासून त्यांनी एक काच सुतळीने गजाला बांधून ठेवली होती, चुकूनसुद्धा सरकू नये म्हणून. पण शिनचूचा वारा कायम सुसाट. त्या फटीतून तो आत शिरला आणि आन-आनचा कंदील पाकळी-पाकळी करून सोलून टाकला.

आन-आनने भोकाड पसरलं. आमांनी तिला मांडीवर घेतलं. "उगी. उद्या तुझ्या एकाही पाकिटाला वारा लागणार नाही."

मी दारात उभी राहून हे ऐकलं, आणि मला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी थंडीची लाट आली. संध्याकाळी कचरागाडीपाशी आमा नव्हत्या. त्यांच्या ओल्या कचऱ्याची पिशवी नेहमी मीच धरायचे, म्हणून माझा एक हात रिकामा असल्याचं मला जाणवलं. "एवढ्या गारठ्यात कशाला उतरतेय म्हातारी," कुओ-ताई म्हणाल्या, "शेकत बसली असेल." तरी मी चौथ्या मजल्यावर गेले. बेल दाबली. थांबले. मुलगा घेऊन गेला असेल, असं मनात आलं, आणि भात लावायचा होता म्हणून खाली आले.

आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीतून वरच्या मजल्यांचं पाणी उतरतं. जेवताना आन-आनने काड्या खाली ठेवल्या आणि म्हणाली, "आई, आमा अजून अंघोळच करतेय."

मी कान दिला. पाणी सारखं उतरत होतं. बेल दाबली तेव्हाही ते उतरतच असणार.

आमांची एक किल्ली कुओ-ताईंकडे असायची. आम्ही दोघी धावत वर गेलो. दार उघडलं तर ऊबदार, शांत घर. मागच्या बाल्कनीची काच गच्च लावलेली. बांबूवर सगळे लाल कंदील ओळीने टांगलेले, आणि एकही हलत नव्हता. शिनचूत मी कागद इतका स्थिर कधी पाहिला नव्हता. गजावर सुतळी सोडून, नीट गुंडाळी करून ठेवलेली होती. आमा न्हाणीघराच्या उंबऱ्यात पडल्या होत्या, अंगाला टॉवेल गुंडाळलेला. गाल लालबुंद. क्षणभर मला वाटलं, किती छान दिसताहेत, काही झालेलं नाही.

कुओ-ताईंनी काच उघडली. वारा आत घुसला आणि कंदील एकमेकांवर आपटून फाटायला लागले. कोणी तिकडे पाहिलं नाही.

आमा वाचल्या. दवाखान्यात प्राणवायू दिला, डोळे उघडले, मला ओळखून "डबा मिळाला का?" असंही विचारलं. पुढे काही आठवड्यांनी, सगळे निर्धास्त झाल्यावर, एकेक शब्द जायला लागला. गीझरच्या कोंडलेल्या वायूचं असंच असतं म्हणे, कधी कधी मागाहून वसूल करतो. जुंग-हान त्यांना ताइचुंगला घेऊन गेला.

आम्ही भेटायला गेलो तेव्हा त्या खिडकीशी बसल्या होत्या. मला ओळखलं नाही, आन-आनलाही नाही. मांडीवर दोरीचा तुकडा होता. अंगठ्या-बोटात धरून त्या तो पिळत होत्या, पिळून पुढे सरकवत होत्या, पुन्हा पिळत होत्या. आन-आनने दुरुस्त केलेला कंदील पेटवून समोर धरला. त्यांनी तो दिवा बराच वेळ पाहिला.

"कोणाचा सण आहे?" त्यांनी विचारलं.

"आपला," जुंग-हान म्हणाला.

त्यांनी मान हलवली आणि पुन्हा दोरी पिळायला घेतली. टोक सारखं निसटत होतं. तेव्हा जुंग-हानने स्टूल ओढलं, समोर बसला आणि दुसरं टोक ताणून धरलं. त्याला ऑफिसला उशीर होत होता, तरी तो उठला नाही.

आता संध्याकाळी कचरागाडीचं गाणं लागलं की मी आधी माणसं बघते, मग पिशवी टाकते. तुमच्याही जिन्यात कोणीतरी असेल, एकटं राहणारं, थंडी म्हणून काचा लावून घेणारं. हे वाचून झालं की वर जाऊन या. बेल दाबून परत फिरू नका. दार उघडेपर्यंत थांबा.