पिल्लूकाकूंची खेप

पिल्लूकाकूंना कुणी खरं नाव विचारलं असतं, तर त्यांनाही क्षणभर आठवावं लागलं असतं. त्यांच्या मागच्या खोलीत कपाटाएवढी प्लायवूडची पेटी होती. पेटीत बल्ब, एक छोटा पंखा, तळाशी पाण्याची परात आणि वरच्या जाळ्यांवर अंडी. कोंबडी जे काम पिसांखाली करते, ते ही पेटी लाइटवर करायची. काकूंच्या यजमानांनी ती स्वतः ठोकली होती. यजमान गेले, पेटी राहिली आणि तिच्या जिवावर दोन बायका राहिल्या, काकू आणि त्यांची थोरली नणंद. काकू तिला जुन्या वळणानं वन्सं म्हणत. अंड्यांची एक खेप फुटली की आजूबाजूच्या बायका टोपल्या घेऊन पिल्लं न्यायला येत.

त्या वर्षांत माणसं लाइटला सरावली होती, पण लाइट काही माणसांना सरावली नव्हती. समोरचा शिंपी म्हणायचा, "आपली लाइट म्हणजे जावईबापू. येणार कधी ते सांगायचं नाही, आणि आले की टेकायच्या आत निघाले." रस्त्याच्या पलीकडे साहेबलोकांची कॉलनी होती. तिथली लाइट कधी जात नसे. व्हरांड्यातले दिवे भर दुपारी जळत असायचे, विझवायची आठवण कुणाला! कपातीचं वेळापत्रक पेपरात छापून यायचं खरं, पण ते पाळायची सक्ती बहुधा फक्त गल्लीवरच होती.

मागची खेप अशाच कपातीत थंड पडून गेली. तेव्हा काकूंचे दीर येऊन बसले होते. माणूस वाईट नव्हता. काळजीनंच बोलायचा, पण त्याची काळजी तोंडातून हुकूम होऊन बाहेर पडायची. "वहिनी, आणखी एकदा असं झालं तर पेटी मोडायची. तुम्ही माझ्याकडे या, ताईला धाकट्या भावाकडे ठेवू. दोघींना एकत्र ठेवायला जागा कुणाकडे आहे?" त्या दिवशी वन्सं जेवल्या नाहीत. दोघी जन्मभर एकमेकींशी भांडत आल्या होत्या आणि आता या वयात भांडायला दुसरं माणूस नको होतं.

आज नवी खेप फुटायची होती, आणि संध्याकाळी दीर यायचे होते.

सकाळी काकूंनी पेटीला कान लावला तेव्हा आतून टकटक आली. पिल्लांनी चोच मारली होती. अशा वेळी पेटीचं दार उघडायचं नसतं. आतली ओल निघून गेली की कवचाखालचा पापुद्रा वाळतो, आणि अर्धवट बाहेर आलेलं पिल्लू त्यातच अडकून मरतं. काकू बल्बाला हात जोडून म्हणाल्या, "आजचा दिवस तेवढं जाऊ नकोस गं बाई." बाई चहा व्हायच्या आत गेली.

दोघींनी पेटीवर घरातली सगळी पांघरुणं टाकली. हिवाळा होता. दुपार कलली तशी पेटी गार पडू लागली. शेवटी काकूंनी दार बोटभर फटीएवढं उघडून गरम पाण्याच्या पिशव्या आत सरकवल्या आणि पटकन लावलं.

"किती वेळा उघडाल, वहिनी?"

"न उघडून काय करू, वन्सं? गारठून मारू की वाळवून मारू, तुम्हीच सांगा."

तेवढ्यात बल्ब लागले. गल्लीभर "आली, आली" झालं, वेल्डरच्या दुकानात ठिणग्या उडाल्या, कुणाचा तरी रेडिओ मध्येच गायला लागला, आणि कोपऱ्यावरच्या खांबावर फाडकन आवाज होऊन सगळं थंड झालं. सकाळपासून खांबावरची फ्यूज उडायची ही तिसरी वेळ.

वायरमन सायकलवर शिडी बांधून आला, तेव्हा अख्खी गल्ली खांबाखाली जमली होती. शिडी टेकवायच्या आत वेल्डरनं ती काढून घेतली.

"आधी सांग, तिकडे कशी जात नाही रे?"

"मला काय विचारता? मी काय लाइट खिशात घालून हिंडतो?"

"मग तिकडची तार जोड इकडे."

"जोडतो. उद्यापासून माझ्या पोरांना जेवायला तुमच्याकडे पाठवू का?" वायरमन सायकलीला टेकला. त्याचं घर गल्लीच्याच मागे होतं, तिथेही लाइट नव्हतीच. "अहो, तिकडचा अन्याय मला दिसत नाही का? पण इथली फ्यूज तुम्हीच उडवताय. बटणं सगळ्यांची चालू. ती आली की अख्खी गल्ली एकदम तिच्यावर तुटून पडते. टिकेल कशी? आता फ्यूजची शेवटची तार उरलीय माझ्याकडे. ही उडाली, तर उद्यावर गेलं बघा."

कुणाला पटलं नाही असं नाही. पण गल्लीचा एक जुना नेम होता. लाइट गेली तरी बटण बंद करायचं नाही. येते तीच घटकाभर, त्यातलं आपल्या वाट्याचं दुसऱ्यानं का ओढावं? बटण बंद करणारा खुळा, असं लेकरंसुद्धा म्हणायची.

"मी बंद करीन हो," शिंपी म्हणाला, "पण हा वेल्डर करेल का?"

"तू घरात गेलास की पहिला चालू करशील, ठाऊक आहे मला."

"तुझ्या मशीनचा आवाज झाला की माझी शिलाई उसवते, ते आधी बघ!"

काकू ऐकत उभ्या होत्या. पायाखालची जमीन गार लागत होती, आणि पेटीतली टकटक त्यांना इथपर्यंत ऐकू येत असल्यासारखं वाटत होतं. त्या घरात गेल्या. मीटरपाशी स्टुलावर चढल्या आणि पांढरी चिनी मातीची फ्यूज खोबणीतून उपसून बाहेर आल्या.

"ही बघा. ही माझ्या हातात आहे तोवर माझं घर लाइट ओढू शकत नाही. बटणाचं कुणी खोटं सांगेल, हिचं कसं सांगेल? सगळ्यांनी आपापली आणा आणि इथे उभे राहा."

"वहिनी, वेड लागलंय का? आत पिल्लं..."

"पिल्लांसाठीच, वन्सं."

पहिल्यांदा शिंप्याची बायको हलली. नवऱ्याकडे न बघताच घरात गेली आणि पदराखाली दिवा न्यावा तशी फ्यूज झाकून घेऊन आली. मग एकेक जण निघाला. एका म्हाताऱ्याची फ्यूज निघेना, त्याच्या सुनेनं पक्कड आणली. वेल्डर सगळ्यांत शेवटी आला. बाहेर आल्यावर त्यानं आपली फ्यूज शेजारच्यांच्या फ्यूजशी लावून बघितली आणि म्हणाला, "माझी मोठी आहे." वन्सं म्हणाल्या, "तोंडही मोठंच आहे." गल्ली हसली. सकाळपासून पहिल्यांदाच.

वायरमन वर चढला. तार बांधून त्यानं फ्यूज बसवली. सगळे माना वर करून बघत राहिले. आवाज झाला नाही.

"आता एकेकानं लावा. एकदम नको."

आणि पुन्हा गलका! आधी कोण? शिंप्याला कपडे द्यायचे होते, कुणाची टाकी कोरडी होती, म्हाताऱ्याला वाफ घ्यायची होती. काकूंना वाटलं, आपण मागावं. पण लगेच मनात आलं, पहिली फ्यूज आपण काढली ती काय पहिला नंबर लावायला, असं कुणी म्हणालं तर?

"अरे, पिल्लं रांगेत उभी राहू शकतात का?" वेल्डर खेकसला. "जा काकू. बघताय काय?"

काकू धावल्या. घाईत फ्यूज खोबणीत बसेना. वन्संनी खालून त्यांचं मनगट धरलं. बल्ब लागले. पंखा हलकेच गुणगुणला. बाहेर वायरमन ओरडत होता, "आता शिंपी. आता टाकीवाल्या ताई." घरं एकामागून एक उजळली, आणि खांब गप्प राहिला. वेल्डरला मात्र वायरमननं हात जोडले, "तुमचं मशीन आज नको." वेल्डरनं शिवी दिली, ती कुणाला ते कळलं नाही, आणि कॉलनीतल्या दिव्यांकडे बघत तो फ्यूज हातात घेऊन ओट्यावर बसून राहिला.

दीर आले तेव्हा अंधारून आलं होतं. पेटीच्या काचेतून ओली, चिकटलेल्या पिसांची पिल्लं एकमेकांवर पडत धडपडताना दिसत होती. काही अंड्यांना भोक पडून आतली हालचाल थांबली होती. काही अजून टकटकत होती.

"किती गेली?" दिरांनी विचारलं.

"आली किती ते विचार," वन्सं म्हणाल्या.

ते वाकले. काचेला नाक लावून बराच वेळ बघत राहिले. एक पिल्लू कवचातून निम्मं बाहेर येऊन थकून पडलं होतं. "याला जरा हातानं सोडवू का?"

"नको, भाऊजी. दार उघडायचं नाही. त्याचं त्याला येऊ द्या."

ते थांबले. पिल्लानं पुन्हा मान टाकली, पुन्हा उचलली. पेटी मोडायचं बोलून गेलेले दीर पेटीपुढेच मांडी घालून बसले. पिल्लाचा एक पाय बाहेर आला, आणि तेवढ्यात लाइट गेली. गल्लीतून एकच सुस्कारा निघाला. मग घराघरांतून खडखड ऐकू आली. लोक आपापल्या फ्यूजा काढत होते.

अंधारात काकूंनी पांघरूण शोधायला हात पुढे केला, तर त्याचं दुसरं टोक दिरांनी आधीच धरलं होतं.

"वहिनी," ते म्हणाले, "पाणी तापवायचं पातेलं कुठंय?"