उन्हाकडच्या पायऱ्या

हिरालालनं सुतळी वर ओढली, थर्मामीटर चष्म्याजवळ नेलं आणि ओणव्यानंच घराकडे तोंड करून हाक मारली.

"अठ्ठावीस! विमल, अठ्ठावीस झालं पाणी!"

आतून बायकोच्या कुकरची शिट्टी तेवढी आली. त्यानं परत थर्मामीटर बुडवलं. न जाणो, एकोणतीस असेल.

पाटबंधारे खात्यात तीस वर्षं तलावांची पातळी मोजलेला माणूस. त्याला पाण्याचा आकडा कुणाला तरी सांगितल्याशिवाय चैन कशी पडावी? आता मोजायला उरलं होतं ते घरामागचं दहा बाय सहाचं, छातीभर खोल पाणी. मुलगी रत्नमाला नागपूरहून फोनवर त्याला स्विमिंग पूल म्हणायची. साकोलीतली त्यांची आळी मात्र त्याला बोडी म्हणायची. जिथं धानाच्या बांधीला पाणी द्यायला ज्याची त्याची बोडी असते, तिथले लोक दुसरं काय म्हणणार?

ही बोडी खणली ती विमलाबाईच्या उजव्या गुडघ्यासाठी. ऑपरेशन झालं, पण गुडघा पुरता वाकेना. कोमट पाण्यात रोज चाला, डॉक्टर म्हणाले. होळीपर्यंत वाकला तर वाकला, नाहीतर असाच राहील. विमलाबाईला धावायचं नव्हतं की डोंगर चढायचा नव्हता. तिला विहारात खाली सतरंजीवर बसायचं होतं, सगळ्यांसारखं. सध्या तिला मागं भिंतीशी प्लास्टिकची खुर्ची मिळायची. "मी काय पाहुनी हाव का तठी?" एवढंच ती म्हणायची.

पण खणताना एक घोळ झाला. खणली वैशाखात. तेव्हा सूर्य डोक्यावर, दिवसभर त्या जागेवर ऊन नुसतं ओतत होतं. हिरालालनं घराच्या मागं, उत्तरेला, चार दिवस खुर्ची टाकून ऊन पाहिलं आणि जागा पक्की केली. विमलाबाई मागच्या दारात उभी राहून म्हणाली होती, "पुसात इथं ऊन येत नाई. माह्या वड्या नाई वाळत इथं." मिस्त्री हसला. हिरालालही हसला. वड्यांचं शास्त्र कोण विचारतो!

उन्हाळाभर त्या उन्हानं पिच्छा पुरवला. सकाळी टाकलेली जंतुनाशक पावडर ऊन दुपारपर्यंत खाऊन टाकायचं आणि पाणी हिरवंगार व्हायचं. "भाऊ, शिंगाडे लावा," असं येणारा जाणारा सांगून जायचा. मग हिरालाल पावडर दिवस बुडाल्यावर टाकायला शिकला. ब्रशनं शेवाळ घासायला शिकला. पाणी आरशासारखं व्हायला दिवाळी उजाडली, आणि दिवाळीनंतर घराची सावली एकेक हात सरकत आली. पौषात तर माडीची सावली अख्ख्या पाण्यावर पसरली. कुंपणानं शेत खावं तसं घरानंच ऊन खाल्लं. पाणी सतरा. पाय घातला तर हाडात कळ जावी.

हिरालालनं हार मानली नाही. गच्चीवर उन्हात काळ्या पाइपांची वेटोळी अंथरली, मोटर लावली. दिवसभर पाणी वर चढायचं, तापून खाली यायचं. रात्री ऊब उडून जाऊ नये म्हणून धानाच्या ढिगावरची ताडपत्री पाण्यावर टाकायची. महिनाभर हेच. आणि आज अठ्ठावीस.

विमलाबाई काठी टेकत बाहेर आली. वाकून तिनं पाण्यात हात घातला.

"गरम हाये," ती म्हणाली.

"मंग? उतर ना!"

तिनं पश्चिमेच्या टोकाला असलेल्या सिमेंटच्या पायऱ्यांकडे पाहिलं. मग पूर्वेच्या टोकाकडे. तिथं घराच्या कोपऱ्याला वळसा घालून सकाळचं ऊन येत होतं. घोंगडीएवढं असेल, दहापर्यंत टिकायचं.

"पायऱ्या तिकडं पाह्यजे."

"अवं, ऊन पायपातून येऊनच राहिलं ना पाण्यात!"

"पाण्यात येते. माह्या पाठीवर नाई येत."

"अठ्ठावीस हाये, विमल. अठ्ठावीस!"

"अठ्ठावीस राहो का अडतीस. सावलीतून मी पाण्यात उतरत नाई."

असा आवाज हिरालालनं चाळीस वर्षांच्या संसारात दोनदाच ऐकला होता. एकदा रत्नमालाची शाळा बंद करायची गोष्ट निघाली तेव्हा, आणि एकदा त्याच्या दारूच्या वेळी. दोन्ही वेळा तिचंच झालं होतं, आणि बरंच झालं होतं. तो तोंडातल्या तोंडात काहीतरी बोलला आणि सायकल काढून खुशालच्या वेल्डिंगच्या दुकानात गेला.

खुशालनं लोखंडी पायऱ्या केल्या, कठड्यासकट. माप हिरालालनं दिलेलं, त्यामुळं पायरी भलतीच रुंद झाली. "काका, ह्या पायऱ्या हायेत का बाज?" खुशाल पोचवायला आला तेव्हा म्हणाला. विमलाबाई मोठ्यानं हसली. कितीतरी महिन्यांनी हसली, म्हणून हिरालालला ती चेष्टाही गोड लागली.

दुसऱ्या दिवशी ती पाठीवर ऊन घेऊन कठडा धरून उतरली. चालली. रोज चालू लागली. दमली की पाण्यातल्या पायरीवर आडवी बसायची, ऑपरेशनचा पाय पायरीभर लांब ठेवून. बरं वाटायचं तिला, अंग हलकं व्हायचं. गुडघा मात्र अर्ध्यावर येऊन अडायचा. माघ निम्मा सरला. हिरालाल होळीचे दिवस मोजायचा आणि विचारायचा नाही.

अशात एका सकाळी विमलाबाई पायरीवर टेकली असताना जनाबाई आली. चार घरं सोडून राहायची. दोघी एकाच गावच्या लेकी, शाळेत एकाच वर्गात, आणि लग्न होऊन दोघी साकोलीलाच आलेल्या. जनाबाईचे दोन्ही गुडघे बोलत होते.

"विमल, मी घडीभर पाय बुडवून बसू का वं? तुले चालत असन तर."

"बस ना बाई. विचारतं काहून?"

जनाबाईनं लुगडं पोटऱ्यांपर्यंत खोचलं. उन्हातल्या पायऱ्यांकडे एकदा बघितलं आणि काठाकाठानं चालत पश्चिमेच्या टोकाला गेली. सावलीतल्या सिमेंटच्या पायरीवर बसली. गार वाऱ्यानं तिनं पदर खांद्यावरून घट्ट ओढला.

विमलाबाई बघत राहिली.

त्यांच्या गावच्या तलावाला दोन घाट होते. जनाबाईच्या लोकांचा मावळतीच्या काठावर, दगडी. दिवस उगवला की पहिलं ऊन त्या घाटावर उतरायचं. विमलाबाईच्या लोकांचा समोर, पाळीच्या, म्हणजे बांधाच्या, बुडाशी, चिंचांच्या सावलीत. थंडीत तिथं दहा वाजेपर्यंत दात वाजायचे. पलीकडं जना आपल्या आईबरोबर उन्हात केस वाळवत बसायची. शाळेत एका बाकावर बसणाऱ्या पोरी तलावावर एकमेकींना हाकही मारायच्या नाहीत. पुढंही त्यावर कधी शब्द निघाला नाही. पण जनाबाईही विसरली नव्हती. नाहीतर आज सावली शोधत कशाला गेली असती?

बसू दे तिला तिथं, असं विमलाबाईच्या मनात आलं. खोटं कशाला बोला, आलंच. घडीभर बरंही वाटलं. मग जनाबाईच्या पदर धरलेल्या, वाऱ्यानं काळ्यानिळ्या पडलेल्या बोटांकडे तिचं लक्ष गेलं.

"जना! तिकडं काहून बसली वं? ऊन इकडं हाये."

"असू दे. मी बरी हाव इथंच."

"माय, गारठून मरशीन! ये इकडं मुकाट्यानं."

जनाबाई उठली, काठाकाठानं परत आली, कठडा धरून एक पायरी उतरली आणि थांबली. पायरीभर विमलाबाईचा पाय आडवा पसरलेला होता.

"ये, ये," म्हणत विमलाबाईनं पाय आत ओढून घेतला आणि सरकून जागा केली.

जनाबाई शेजारी टेकली. दोघींच्या पाठीवर सारखं ऊन आलं.

पलीकडं हिरालाल थर्मामीटरची सुतळी धरून उभा होता. विमलाबाईचा गुडघा पाण्यात दुमडून तिच्या छातीशी आला होता आणि तिला त्याचा पत्ताच नव्हता. त्याच्या तोंडात आकडा आला होता. तो त्यानं गिळला.

"ऊन भल्लं गोड हाये वं इकडं," जनाबाई म्हणाली.

"मले माहीत हाये," विमलाबाई म्हणाली. "मी समोरून पाहिलं हाये."

जनाबाईनं पाण्यातच विमलाबाईच्या दुमडलेल्या गुडघ्यावर हात ठेवला आणि हळूहळू चोळू लागली.