उमाबाईंचा डावा हात

मी एक जुनी सोनोग्राफी मशीन आहे. लातूरच्या एका दवाखान्यात असते. माझं एक चाक अडतं आणि मध्येच पडदा थरथरतो. तरुणपणी कितीतरी बाळांची धडधड मी आयांना दाखवली आणि तोरा मिरवला. मग नवी मशीन आली, अन् माझ्यावर चादर पडली.

मित्रांनो, एका सकाळी ती चादर निघाली. नवी मशीन बिघडली होती. मुरुडचे दुकानदार मडिवाळप्पा पत्नीला, उमाबाईंना, घेऊन आले होते. वीस दिवस ताप हटत नव्हता, डावा खांदा ठणकत होता. लचकला असेल म्हणून घरी तेल चोळून झालं होतं.

"लिंगपूजेला तळहातावर लिंग घेऊन डावा हात वर धरवंना, डॉक्टरबाई," उमाबाई रडवेल्या झाल्या. "श्वास घेतला की कळ येती. आठ दिस झाले, हात उशीवर टेकवून पूजा करायलेय."

डॉक्टर आरतींनी माझा डोळा खांद्याला नाही, डाव्या बरगड्यांखाली लावला. मी पाहिलं आणि थक्क झाले. पाणथरीत, म्हणजे प्लीहेत, जंतूंशी झगडणाऱ्या त्या अवयवातच, जंतूंनी लिंबाएवढी पुवाची गाठ केली होती. दुखणं पोटात अन् कळ खांद्यात! माणसाच्या देहातल्या या तारा कुणी जोडल्या असतील?

"फुटली तर वो? पाणथरी काढावी लागंल का?" मडिवाळप्पांनी घाईघाईनं विचारलं.

"आधी सुईनं पू काढून बघू. या म्हातारीनं साथ दिली पाहिजे," डॉक्टर म्हणाल्या.

म्हातारी म्हणजे मी. लई घाबरले. पण पडदा थरथरू दिला नाही. तांदळाच्या कणीएवढं सुईचं टोक चमकत पुढे सरकलं आणि गाठ माझ्यादेखत आटू लागली. आत बारीक नळी ठेवली. पू तपासून नेमकं औषध ठरलं. पाचव्या दिवशी नळी निघाली, औषधं मात्र कित्येक आठवडे चालली. ती उमाबाईंनी एकदाही चुकवली नाहीत.

शेवटच्या तपासणीला डॉक्टरांनी मुद्दाम मलाच बोलावलं. पाणथरी शाबूत होती. मडिवाळप्पा भिंतीकडे तोंड करून डोळे पुसत राहिले.

मित्रांनो, ताप उतरेना आणि हात वर जाईना, तर नुसतं तेल चोळत बसू नका. आणि माझ्यासारख्या म्हातारीचा डोळा पुसून, झाकून ठेवत जा.

उमाबाईंनी तसंच केलं. जाताना माझ्यावर चादर घातली. मी चांगली उंच आहे, हात पार वर न्यावा लागतो. त्यांनी डावाच नेला.