रंगाखालचं बूच

आमच्या ह्यांना गाडी पुसताना बघितलंत तर वाटेल, तान्ह्या बाळाला न्हाऊ घालताहेत. गेल्या वर्षी तर चाकं काढून आतल्या ब्रेकच्या लोखंडी डब्यांनाही चंदेरी रंग फासला. म्हटलं, "अहो, ते कोण बघणारे?" तर म्हणाले, "मी बघणारे."

पुढे ह्यांची नजर अधू झाली. डॉक्टरांनी गाडी चालवणं बंद केलं, आणि लेकीनं लकडा लावला, गाडी विकून टाका. ह्यांचा चेहरा एवढासा झाला. मला राहवेना. म्हटलं, मी शिकते. साठी उलटल्यावर! शिकलेही. पण परीक्षेत दोनदा नापास, दोन्ही वेळा चढावर. थांबायचं, हँडब्रेक ओढायचा, पाय उचलायचे, की आमची स्वारी निघाली मागे. तिसऱ्यांदा नापास झाले तर गाडी विकायची, असं लेकीनं आमच्याकडून कबूल करून घेतलं.

"चूक तुझी नाही, हँडब्रेक ढिला पडलाय," हे म्हणाले. "मी घट्ट करतो."

"गॅरेजात नेऊ या की!"

"माझ्या गाडीला परका पाना लागणार नाही."

झालं. परीक्षेच्या आदल्या दिवशी अंगणात गाडीची मागची बाजू जॅकवर उचलली, खाली भक्कम स्टँड लावले, पुढच्या चाकांना ठोकळे दिले, हँडब्रेक सोडला आणि मागचं चाक काढलं.

"आत एक दातेरी चक्री असते. ती फिरवली की ब्रेक घट्ट होतो. तिच्यासाठी डब्याला भोक असतं, आणि भोकाला रबरी बूच."

"कुठाय?"

"इथेच असणार."

जेवणाची वेळ टळली तरी 'इथेच' काही सापडेना. हे बॅटरी पेटवून डब्याला नाक लावून बसलेले. चला जेवायला म्हटलं की अंगावर यायचे. जिद्द कसली, नुसता हट्ट! मग एकदम बॅटरी खाली ठेवली आणि हळूच म्हणाले, "मला दिसतच नाही गं काही."



माझा जन्म इस्पितळात नर्सगिरी करण्यात गेला. गुबगुबीत हातातली शीर डोळ्यांना दिसत नाही, बोटाला लागते. "सरका," म्हटलं, डोळे मिटले आणि डब्यावरून बोट फिरवायला लागले. लोखंड, लोखंड, पुन्हा लोखंड... आणि एके ठिकाणी मऊ! नखानं खरवडलं तर चंदेरी पापुद्रा निघाला. खाली काळं रबर.

"अहो रंगारी! बूच तुम्हीच रंगवून टाकलंत की!"

हे आधी ओशाळले, मग इतके हसले की हातातला पाना पडला. मीही हसले, चांगलं पोट दुखेपर्यंत.

बूच काढलं. डबा हळूहळू फिरवत भोक चक्रीसमोर आणलं. मग स्क्रूड्रायव्हरनं चक्रीचा एकेक दात ढकलायचा. हे सांगणार, मी करणार. "अजून... अजून... डबा अडला? आता जराशी मागे घे." दुसऱ्या चाकाचं बूच तर मी चुटकीसरशी शोधलं.

दुसऱ्या दिवशी परीक्षेचा चढ. शेजारी परीक्षक, कपाळाला आठ्या घालून. मी हँडब्रेक ओढला.

"पाय उचला."

उचलले. आरशात बघते तर काय, हे! बघ्यांसाठी बांधलेली दोरी ओलांडून सरळ गाडीच्या मागे येऊन उभे, हाताची घडी घालून.

परीक्षकांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "ओ आजोबा, बाजूला व्हा! गाडी मागे येईल!"

"नाही येणार," हे ओरडले. "ब्रेक तिनं लावलाय."

गाडी जागची हलली नाही. परीक्षकांच्या आठ्या गेल्या. "पास," म्हणाले, "पण आधी त्यांना तिथून हलवा."

घरी जाताना मी ह्यांना तोंडाला येईल ते बोलले. असं कुणी गाडीमागे उभं राहतं का? काही अक्कल? हे शेजारच्या सीटवर बसून मजेत सगळं ऐकून घेत होते, आणि गाडी मी चालवत होते.