माझ्या चाकाला तेल घालू नका

मला नाव नाही, मित्रांनो. मी फायली वाहणारी एक जुनी ढकलगाडी आहे आणि स्वभावाने पक्की जळकुकडी आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर पुढे तुम्ही म्हणाल, ही बया एवढं कडू का बोलते?

माझा जन्म ग्रीसमधल्या एका बंदराच्या शहरात, गोदीमागच्या लोखंडकामाच्या कारखान्यात झाला. आम्ही पुष्कळ बहिणी होतो, सगळ्या दवाखान्यासाठी बनवलेल्या. पण मी जरा रुंद निघाले आणि दवाखान्याच्या लिफ्टमध्ये मावेना. बाकीच्या गेल्या पांढऱ्याशुभ्र चादरी आणि औषधाच्या बाटल्या मिरवायला. मला मात्र परदेशी लोकांना राहण्याचे परवाने देणाऱ्या कचेरीत पाठवलं, तेही तळघरात. तेव्हा जी जळायला लागले ती लागलेच.

तरी माझे काही दिवस चांगले गेले, खोटं कशाला बोलू! आमच्या कचेरीत अल्बेनियाचे गवंडी यायचे, पाकिस्तानचे शेतमजूर यायचे, म्हाताऱ्यांना सांभाळणाऱ्या जॉर्जियाच्या बायका यायच्या. त्यांच्या फायली तळघरात आणि निर्णय देणारे अधिकारी वर. मधली वाट माझी. मला ढकलायच्या पोलिक्सेनीबाई, तळघराच्या राखणदार. अंगाने भरलेल्या, जिभेने तिखट. रोज सकाळी माझ्या वरच्या फळीवर कॉफी ठेवून त्या कुलुरी, म्हणजे तीळ लावलेली पावाची गोल कडी, खायच्या आणि तीळ माझ्या अंगावर सांडायच्या. मला ते आवडायचं.

माझं पुढचं डावं चाक पहिल्यापासून कुरकुरतं. कुईंऽऽ, कुईंऽऽ. हा आवाज आला की बाकांवर बसलेले सगळे लोक ताडकन उभे राहायचे. फाईल निघाली! कुणाची ते ठाऊक नसायचं, पण कुणाची तरी निघाली. सकाळभर मी वाजले नाही, तर एखादा गवंडी खिडकीवर थाप मारायचा, "काय साहेब, आज गाडीचा आवाज नाही? झोपलात का सगळे?" मग व्लाखाव्हास साहेब, म्हणजे आमचे मुख्य अधिकारी, वैतागून ओरडायचे, "पोलिक्सेनी, ने बाई ती गाडी वर, नाहीतर हे लोक छप्पर डोक्यावर घेतील!" मी वाजतगाजत वर जायचे. सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळायच्या आणि मी मनातल्या मनात फुलून जायचे.

मग ते आलं.

उंच, पांढरं, गुळगुळीत. पोटावर मोठी काच, काचेत हसणाऱ्या कुटुंबाचं चित्र. मी जिथे थांबायचे, बरोबर त्याच जागी त्याला उभं केलं. हुकूम निघाला की आता कागदावरून निर्णय द्यायचा नाही. आधी फाईल यंत्रात जाईल, मगच निर्णय. उद्घाटनाला अथेन्सहून बडे लोक आले. यंत्राला निळी फीत बांधली. मला मात्र, उरलेल्या सगळ्या फायलींसकट, यंत्राच्या पाठीमागे पडद्याआड ढकललं.

"हे भंगार फोटोत दिसता कामा नये," साहेब म्हणाले.

भंगार! मला!

आमच्याकडे आशीर्वाद घेतल्याशिवाय नवं दुकान उघडत नाही, नवी बोट पाण्यात उतरत नाही. तेव्हा फादर आर्सेनिस आले. त्यांनी सब्जाची जुडी पवित्र पाण्यात बुडवली आणि यंत्रावर चांगलं सपासप पाणी शिंपडलं. मित्रांनो, मी कचेरीत आले तेव्हा माझ्यावर कुणी थेंब उडवला नव्हता. पडद्याआडून मी त्या थेंबांकडे बघत राहिले. एक जरी उडाला असता माझ्याकडे!

फोटोसाठी पहिला मान नानुलीला दिला. नानुली जॉर्जियाची. वरच्या आळीतल्या एका अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीला सांभाळायची. तिचा परवाना संपला होता, आणि नवा हातात नसताना देशाबाहेर पाऊल टाकलं तर सीमेवरचे लोक तिला परत आत घेणार नव्हते. तिकडे जॉर्जियात, कुटाईसी शहरात, तिची एकुलती एक लेक गरोदर होती. पहिलं बाळंतपण, नाताळच्या सुमारास. नानुलीला त्याआधी पोचायचं होतं, बस, एवढंच. तिने काचेवर बोट ठेवलं. काचेवर अक्षरं उमटली, "तुमचा अर्ज प्रक्रियेत आहे." टाळ्यांचा कडकडाट झाला.

दुसऱ्या आठवड्यात ती आली. बोट ठेवलं. "तुमचा अर्ज प्रक्रियेत आहे." तिसऱ्या आठवड्यात तेच. एका गवंड्याने बोट ठेवलं, तेच. एका पोराने गंमत म्हणून नाक टेकवलं, तर त्याचाही अर्ज प्रक्रियेत! एक फाईल त्या यंत्राच्या पोटात जाईना.

मी मागे उभी होते. त्याची पाठ मला दिसत होती. पाठीतून निघालेली तार कुठेच गेली नव्हती. वेटोळं करून, दुकानातून आणली तशी दोरीने बांधलेली, तिथेच लोंबत होती. दिव्याची तार तेवढी भिंतीत खोचली होती, म्हणून काच उजळायची. मला सगळं कळत होतं आणि मला आनंद होत होता. हो, होत होता. पण नानुली खिडकीशी रडायला लागायची तेव्हा त्या आनंदाची मला लाज वाटायची.

"बाई, पोर आठव्या महिन्यात आहे हो," ती पोलिक्सेनीबाईंना म्हणायची.

"मी काय करू, नानुली? माझ्या हातातून गाडी काढून घेतली. आता मी नुसती कॉफी ढवळते."

बिघाड आहे हे शेवटी सगळ्यांच्या लक्षात आलं. आणि बिघाडातही त्या मेल्याचा थाट बघा! त्याच्यासाठी समिती बसली, फोटो निघाले, वर्तमानपत्रात नाव आलं. माझं चाक एकदा निखळलं होतं, तर पोलिक्सेनीबाईंनी चपलेने ठोकून बसवलं होतं, आणि विषय संपला होता.

समितीचं म्हणणं पडलं की पवित्र पाणी आत शिरलं.

डिसेंबरात लोकांच्या तक्रारी ऐकणाऱ्या खात्यातून थेओफानो नावाच्या बाई तपासाला आल्या. किरकोळ अंगाच्या, पण नजर अशी की साहेबांनी कोटाची बटणं लावली. लोकांनी भरलेल्या दालनातच उभं राहून त्यांनी विचारलं, "याला जबाबदार कोण?"

"कंपनी," साहेब म्हणाले.

"आम्ही ठणठणीत यंत्र दिलं होतं," कंपनीचा माणूस म्हणाला. "त्यावर पाणी ओता असं आम्ही नव्हतं सांगितलं."

"मी कुठे ओतलं? फादरांनी ओतलं."

फादर आर्सेनिसांना कुणीतरी आधीच खबर दिली होती. ते दारातूनच गरजले. "अहो, मी बोटींची इंजिनं शिंपडली, भटारखान्याच्या भट्ट्या शिंपडल्या, एकाने तर नवा टीव्ही उचलून आणला तोही शिंपडला! आजवर एक मेलं नाही. आणि तुमचंच तेवढं बुडून मेलं? बघू द्या मला!"

ते झग्याचा घोळ सावरत यंत्रामागे शिरले. वाटेत मी. त्यांनी मला खसकन ओढलं.

कुईंऽऽ!

सगळं दालन उठून उभं राहिलं. नानुलीही. मित्रांनो, इतक्या महिन्यांनी! मला हुंदकाच आला, म्हणजे गाडीला जसा येतो तसा.

"हे बघा!" फादर ओरडले. त्यांच्या हातात ते वेटोळं होतं. "अहो, याची नाळ अजून जोडलेलीच नाही!"

"तार जोडणं आमच्या करारात नव्हतं," कंपनीचा माणूस पुटपुटला.

"आमच्याही नाही," साहेब म्हणाले.

"पण सगळं चालू आहे म्हणून सही कुणाची आहे?" थेओफानोबाईंनी विचारलं.

साहेब त्यांच्या कानाशी वाकले.

"मला नका सांगू. यांना सांगा. मोठ्याने."

साहेबांनी बाकांकडे बघितलं. "माझी," ते म्हणाले. "मी न बघता सही केली."

"आणि यांच्या फायली?"

"या काय इथे," पोलिक्सेनीबाई म्हणाल्या. "गाडी लपवलीत, तिच्यासकट त्याही लपल्या."

थेओफानोबाईंनी तिथेच लेखी हुकूम दिला, की तार जुळेपर्यंत कागदावरूनच निर्णय द्या. पोलिक्सेनीबाईंनी बाह्या सरसावल्या. मी कुईंकुईं करत वर गेले. नानुलीला परवाना मिळाला आणि ती बाळाच्या आधी पोचली.

गोष्ट इथे संपली असती तर मी सुखी झाले असते. पण साहेबांना माझी दया आली. न बघता सही केल्याची शिक्षा होऊनही माणूस चांगला राहिला होता. ते घरून तेलाची कुपी घेऊन आले, गुडघ्यावर बसले आणि त्यांनी स्वतःच्या हाताने माझ्या चाकात तेल घातलं. "बिचारी किती वर्षं कण्हत होती," म्हणाले. सगळ्यांनी माझं कौतुक केलं. आयुष्यभर ज्याच्यासाठी जळले ते मिळालं.

मी मुकी झाले. फायली घेऊन दालनातून जायचे, पण एक मान वळायची नाही. आणि मी तळघरात नुसती उभी राहिले, तरी कुणी खिडकीवर थाप मारायचं नाही. पहिल्या आठवड्यात मी रोज वर गेले. मग एक दिवसाआड. मग सोमवारी तेवढी.

फेब्रुवारीत नानुली परत आली, नातीचा फोटो आणि अक्रोडाची मिठाई घेऊन. बाकावर तिच्या शेजारी एक गवंडी बसला होता.

"आज गाडी गेली का रे?" तिने विचारलं.

"कोण जाणे. आता कळतच नाही."

नानुली उठली आणि तळघरात उतरली. तिने डोक्याचा रुमाल सोडला, पोलिक्सेनीबाईंच्या देखत माझ्यापाशी बसली आणि चाकातलं सगळं तेल पुसून काढलं. पोलिक्सेनीबाईंनी वरून चिमूटभर वाळू टाकली. त्यांनी मला ढकललं. कुईंऽऽ! बाकं मोकळी झाली.

यंत्राची तार आता जोडली आहे, चालतंही बरं. मी अजून त्याच्यावर जळते. पण मित्रांनो, तुमच्या गावात माझ्यासारखी एखादी म्हातारी कुरकुरत असेल, तर तिची दया करू नका. बाकावर बसलेल्याला आपली फाईल निघाल्याचं ऐकू आलं पाहिजे, आणि नाही निघाली तर तेही. माझ्या चाकाला तेल घालू नका.