कंटेनरमधली पुसलेली फीत

"एजे, पाडा की तो कंटेनर आणि नवा उभा करा," कुबात म्हणाला. "दोन मिनिटांचं काम. चहा निवतोय." तो मला एजे, म्हणजे ताई, म्हणतो.

काराकोल शहराच्या बसमध्ये थांब्यांची नावं सांगणारा आमचा प्रोग्राम सर्व्हरवरच्या कंटेनरमध्ये, म्हणजे त्याच्या बंदिस्त कप्प्यात, चालतो; सकाळपासून तो अडखळत होता. डिस्क भरली होती. कुबातने आत शिरून एका ध्वनिफितीची जाडजूड फाइल पुसली, तरी जागा सुटली नव्हती.

"कुठली फीत?"

"थांब्यांची. साच्यात प्रत असेलच ना?"

नवा कंटेनर ज्यावरून बनतो, त्या साच्यात ती नव्हती. त्यानेच ती घाईत चालू कंटेनरमध्ये टाकली होती. तिच्यात माझ्या अतांचा, वडिलांचा आवाज होता. आयुष्यभर त्यांनी त्याच मार्गावर बस चालवली. नावंही त्यांनीच बोलून दिली, कुबातने ती रेकॉर्ड केली. वसंतात ते गेले. घरी त्यांचा आवाज कुठेच नाही.

कुबातचा चेहरा उतरला.

पण बसमधून नावं अजून येत होती. म्हणजे प्रोग्रामने फीत धरून ठेवली होती. नाव पुसलं तरी धरणारा सोडेपर्यंत फाइल जात नाही. जागा सुटली नव्हती ती म्हणूनच. कंटेनर पाडला की सगळं संपलं असतं. प्रोग्रामच्या मुठीत डोकावायचं, तर रूटचे, म्हणजे सगळी दारं उघडणारे अधिकार हवेत.

ते आमच्या वरिष्ठ, सायरा एजेंकडे.

"रूटने आत? मागे या कुबातने फाइलींची मालकी बदलून ठेवली, आठवतंय ना? प्रोग्रामला स्वतःच्याच फाइली उघडेनात!"

"मी काही बदलत नाही. फक्त काढून घेते."

"जेवणापर्यंत. बसवाले माझं डोकं खातायत."

मी आत गेले. प्रोग्रामच्या उघड्या फाइली मागवल्या. एका ओळीपुढे 'पुसलेली' असं होतं. तिथूनच फीत बाहेर ओढली. सावकाश आली. आकार जुळल्यावर ती साच्यात घातली आणि कंटेनर मीच पाडला. नवा उभा राहिला, बस न अडखळता बोलू लागल्या.

"वाचलो बुवा!" कुबात म्हणाला. "चहाबरोबर तळलेले बोरसोक खाणार?"

मी हेडफोन लावले. बसमध्ये वाजतात ते फितीचे तुकडे. अखंड फीत मी कधी ऐकली नव्हती. 'बाजार' म्हटल्यावर अता माइकपासून लांब सरून काहीतरी पुटपुटतात आणि कुबात खो खो हसतो. अताही हसतात. घरी ते असे हसत नसत. पुन्हा ऐकलं. शब्द लागेनात.

"कुबात, इथे काय म्हणाले रे?"

त्याने एक कान लावून ऐकलं, स्वतःच्याच हसण्यावर थोडा हसला.

"नाही आठवत, एजे."