अकरावा नंबर

मी एक जुनं, दोन पंख्यांचं छोटं विमान आहे. मित्रांनो, माझ्या वाट्याला नेहमी नवे वैमानिक येतात. कोणतं विमान आणि कोणता तळ हवा, हे आधी जुने वैमानिक निवडतात. उरलंसुरलं नव्यांच्या पदरात पडतं, म्हणजे मी आणि डोंगरातली ही आखूड धावपट्टी.

त्या वर्षी अकरा जण एकाच दिवशी रुजू झाले. मग क्रम वयावरून लागला. सगळ्यांत धाकटी होती माझी नवी सहवैमानिक, म्हणून तिचा नंबर अकरावा. तिच्या घराजवळचा तळ दहाव्यानं तिच्या डोळ्यांदेखत उचलला. तिच्या आईची नजर मंदावत चालली होती. माझ्या शिडीशी उभी राहून ती फोनवर म्हणाली, "आई, नवी माणसं आली की माझा नंबर वर सरकेल गं."

"नंबराचं राहू दे. तू सांभाळून उडव," आई म्हणाली.

माझे कॅप्टन मात्र या डोंगरातल्या तळावर सर्वांत ज्येष्ठ होते. त्यांचं घर इथंच, म्हणून त्यांनी हा तळ कधी सोडला नाही. तिच्या कामाचा पहिला अहवाल तेच लिहिणार होते.

एका सकाळी उतरताना ढगानं आम्हाला गिळलं. दोन्ही बाजूंना डोंगर, पोटात एकोणतीस माणसं. ठरलेली उंची आली, तरी धावपट्टी दिसेना. नियमानं तिथूनच वर फिरायचं असतं.

"दिसेल आता," कॅप्टन म्हणाले आणि आणखी खाली आले.

तिनं तोंड उघडलं, मिटलं. भीतीनं माझा पत्रान् पत्रा थरथरत होता.

"सर, वर घ्या!"

"थांब जरा."

"सर, वर! आत्ता!" तिचा आवाज चिरकला.

कॅप्टननी मला वर खेचलं. इंजिनं किंचाळली. डाव्या पंखाखालून खडक सरकला, इतका जवळ की त्यावरचं ओलं गवत मला दिसलं.

आम्ही दुसऱ्या शहरात उतरलो. प्रवासी गेले, तरी दोघं जागची हलली नाहीत.

"माझा अंदाज चुकला," कॅप्टन म्हणाले. "ओरडलीस म्हणून वाचलो."

"सर, माझी तर दातखीळच बसली होती. वाटलं, तुम्हाला मी काय सांगणार!"

कॅप्टननी मान खाली घातली. "पहिल्यांदा सांगितलंस तेव्हाच ऐकायला हवं होतं मी."

त्याच खडकाजवळून अजून रोज जावं लागतं, आणि रोज धडकी भरते. मित्रांनो, तुमच्यातलं सगळ्यांत धाकटं माणूस कापऱ्या आवाजात काही सांगू लागलं, तर त्याला 'थांब जरा' म्हणू नका.